मी दे या

मला पुणे जिल्ह्यातले तालुके ओळीने सांगता येत नाहीत, दोन-तीन राहतातच. पण पनामा देशाच्या वायव्य टोकाला, कॅरिबियन समुद्रात, बोकास देल तोरो नावाचा जो बेटांचा प्रांत आहे, त्यातली बेटं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. कोलोन, बास्तिमेंतोस, कारेनेरो, सोलार्ते, क्रिस्तोबल, पोपा. मी तिथे कधी गेलेलो नाही आणि जाणारही नाही. हे सगळं ज्ञान मी एका म्हातारीचं वाटोळं करून झाल्यावर मिळवलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी वेरिबीत, मेलबर्नच्या एका उपनगरात, राहतो. स्टुडंट म्हणून मेलबर्नला आलो, आयटीची मास्टर्स केली, आयटीने काही मला दारात उभं केलं नाही. आता पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळूनही बरीच वर्षं झाली आणि मी एका वृद्धनिवासात केअरर आहे. आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद कॉम्प्युटरवर टाकायची. आईला मी ‘हॉस्पिटल लाइनमध्ये’ आहे असं सांगितलंय. येरवड्यातल्या आमच्या वस्तीत तेवढं पुरतं, उलट जरा जास्तच होतं.

ती म्हातारी आमच्या वृद्धनिवासात आली तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. काळी, हाडकुळी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि स्मृतिभ्रंश इतका की जेवण झाल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जेवायला बसायची. फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: देश पनामा, भाषा स्पॅनिश. मग कोणीतरी उत्साहाने स्पॅनिश शब्दांची कार्डं छापून तिच्या खोलीत लावली. आग्वा म्हणजे पाणी, बान्यो म्हणजे संडास, दोलोर म्हणजे दुखणं. मी ती कार्डं तिच्यापुढे धरून मोठ्याने वाचायचो आणि ती तोंड भिंतीकडे फिरवायची. माझे उच्चार वाईट असतील असं मला वाटायचं.

दर रविवारी तिची नात जवळच्या पॉइंट कुकहून गाडीने यायची. तिशीची, उन्हाने रापलेली, बोलायला अगदी मोकळी. आजी सत्तरी ओलांडल्यावर ऑस्ट्रेलियात आली, नातीची आई आजारी होती म्हणून. लेक गेली आणि आजी इथेच राहून गेली. नातीशी ती कायम चर्चमधल्यासारखं स्वच्छ इंग्रजी बोलायची. “परफेक्ट इंग्लिश, मेट,” नात मला म्हणाली. “आता काय बोलते ते देवाला ठाऊक.” मग म्हणाली, की आजी बहिणीशी फोनवर बोलताना दार लावून घ्यायची. नातीच्या आईनेच आजीला बजावलं होतं, ती बेटावरची बोली पोरीच्या कानावर नको.

आता काय बोलते ते देवाला ठाऊक नव्हतं, पण मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटलं.

एकदा सकाळी मी तिच्या खोलीचं दार वाजवून आत गेलो, तर ती खुर्चीतून माझ्याकडे बघून म्हणाली, “मी दे या.”

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. “व्हॉट?” मी विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. मी. दे. या. मला काय आनंद झाला सांगू! जगाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातली ही बाई, आणि ‘मी’ म्हणतेय, अगदी आमच्यासारखं. मराठी नव्हे, एवढी अक्कल मला होती. पण माणसाला कान असतात ते आपल्याच भाषेचे. ‘दे’ म्हटल्यावर माझा हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे गेला. मी पाणी दिलं. ती प्यायली. म्हणजे बरोबर! पुन्हा म्हणाली तेव्हा मी बिस्किट दिलं, तेही तिने घेतलं. शाल दिली, घेतली. परक्याच्या घरी समोर येईल ते माणूस निमूट घेतं, तसं ती घेत होती, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची आम्हाला खोड आहे.

दिवसभर तिचं तेच. कोणी दारावरून गेलं, ट्रॉलीचा आवाज झाला, की “मी दे या.” कधी नुसतंच “मी दे, मी दे,” असं दहा-दहा वेळा. सगळे मला हाक मारायचे. आमची इन्चार्ज नर्स पंजाबी, कामाला वाघीण, बोलायला गोड. ती म्हणायची, “तू ही समझता है इनको, जा, देख क्या माँग रही है.” मी जायचो आणि काहीतरी द्यायचो. मी दिलेलं तिने घेतलं की कॉरिडॉरमधून छाती काढून परत यायचो.

आणि मी नोंदी लिहिल्या. मला लिहायचं होतं की बाई सारखं काहीतरी मागते. ‘मागते’ला माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो ‘डिमांड’. आपल्याकडे डिमांड म्हणजे काय, नुसती मागणी. बाजारात आंब्याला डिमांड असते, पोरगा सायकलची डिमांड करतो, त्यात कोणाला काही वाईट दिसत नाही. मी रोज लिहिलं: कॉन्स्टंटली डिमांडिंग. सहा आठवडे, शिफ्टमागून शिफ्ट, तेच दोन शब्द. इथल्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो हटवादी, छळणारी, सगळ्यांना वेठीला धरणारी बाई. शिवाय वृद्धनिवासाच्या कागदांत तो नुसता शब्दही नसतो. त्याचा एक वेगळा तक्ता असतो, ‘बिहेवियर’चा, आणि तो तक्ता भरत गेला की डॉक्टरसमोर जातो.

पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘ध चा मा’ काय असतं ते सांगावं लागत नाही. एका अक्षराने खून होतो. मी तर अक्षरही बदललं नव्हतं, ‘दे’चं ‘दे’च ठेवलं होतं.

डॉक्टरने तक्ता पाहिला. नातीला फोन केला, तिने विश्वासाने हो म्हटलं, आणि सकाळ-संध्याकाळ गुंगीची अर्धी गोळी सुरू झाली. आठवड्याभरात आमच्या विंगमध्ये शांतता पसरली. म्हातारी खुर्चीत मान टाकून बसायची, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती पुसली की झालं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. दुपारचा चहा मी पहिल्यांदाच पुरता बसून प्यालो.

त्याच सुमाराला आमच्याकडे कल्चर डे ठरला. प्रत्येक रहिवाशाच्या देशावर एकेक पोस्टर करायचं होतं. तिचं काम माझ्याकडे आलं, मीच तिला ‘समजत’ होतो म्हणून. मी चिडचिड करत लायब्ररीत जाऊन बसलो आणि मग चार रविवार तिथून उठलो नाही.

पहिलंच पान वाचून मला घाम फुटला. त्या बेटांवरच्या काळ्या लोकांची भाषा स्पॅनिश नव्हतीच. गोऱ्या मालकांनी जवळच्या इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरून गुलाम आणले, पुढे जमैकाहून केळीच्या मळ्यांवर मजूर आले, आणि त्या सगळ्यांची मिळून एक बोली झाली. शब्द बरेचसे इंग्रजी, पण बांधणी निराळी, चाल निराळी. शाळा मात्र स्पॅनिश. आपली बोली बोललं की शाळेत मार. माझी ती कार्डं, आग्वा आणि बान्यो, आणि भिंतीकडे फिरवलेलं तिचं तोंड, मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. मी दुसऱ्या दिवशी कार्डं काढून टाकली. ती गोळीच्या गुंगीत होती, तिला काही फरक पडला नाही.

पण तरीही मला ‘मी दे या’चा संशय आला नाही. मी वाचत राहिलो. कोलंबसची जहाजं त्या खाडीत शिरली होती, म्हणून कोलोन आणि क्रिस्तोबल ही त्याचीच नावं. कारेनेरो हे नाव पडलं कारण तिथे उथळ पाण्यात जहाजं आडवी पाडून त्यांचे तळ खरवडत. बास्तिमेंतोस, म्हणजे तिचं बेट, त्याचा अर्थ शिधा. मग केळी कंपनी आली, तिने बेटावर ऑफिसं बांधली, हॉस्पिटल बांधलं, पैसा आला, बँडबाजा आला. केळीला रोग पडला तशी कंपनी उठून समोरच्या जमिनीवर निघून गेली आणि बेटं मागे राहिली. तिच्या गावात मोटारी नाहीत, घरांमधून जाणारी एकच सिमेंटची पायवाट. लाकडी घरं पाण्यात खांबांवर उभी. वर्षभर पाऊस. नखाएवढे लालभडक बेडूक, विषारी. नारळाच्या दुधातला भात आणि राजमा, नारळाच्या दुधातलीच मासे-कंदांची आमटी, मे महिन्यात खांबाभोवती रंगीत फिती विणत नाच. मोठ्या भूकंपात किनाऱ्याचा काही भाग खचून पाण्याखाली गेला.

आणि एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बाहेर वाऱ्यात जाऊन उभा राहिलो. ती शाळेत जायच्या वयाची असेल तेव्हा पनामाने नवं संविधान केलं. त्यात बाहेरून आलेल्या, ज्यांची मायबोली स्पॅनिश नाही अशा काळ्या लोकांच्या मुलांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. तिथेच जन्मलेली मुलं, तरी ती तिथली नाहीत असा कायदा. काही वर्षांनी ते कलम गेलं. तिच्या घराला ते लागू झालं होतं का, मला माहीत नाही. येरवड्याच्या आमच्या घरात निळ्या कोटातल्या फोटोखाली संविधानाची प्रत असते, आणि आई रोज सकाळी दोन्ही पुसते. आम्ही माणूस झालो ते त्या पुस्तकामुळे. संविधान असंही वागू शकतं हे मला पहिल्यांदाच कळलं आणि मी तिथल्या तिथे शिव्या घातल्या. दुसऱ्याच्या चुकीवर चिडायला मला फार आवडतं.

पोस्टर झकास झालं. माझ्या लेकीने लाल बेडूक काढून दिला. “बाळा, याला हात लावला तर मरतं माणूस,” मी म्हटलं. “दॅट्स सो कूल,” ती म्हणाली. ती मराठीला इंग्रजीतच उत्तर देते आणि मी आता टोकणं सोडून दिलंय. कल्चर डेला मॅनेजरने माझी पाठ थोपटली. नात तर पोस्टरसमोर रडलीच. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. “मी नॅनच्या बहिणीला फोन लावते,” ती म्हणाली; आजीला ती नॅन म्हणायची. “व्हिडिओवर. तू पण थांब, प्लीज.”

तो फोन एका सकाळी नऊच्या सुमाराला लागला. त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पडद्यावर एक म्हातारी दिसली, आमच्या म्हातारीचंच नाक, मागे लाकडी कठडा आणि त्यापलीकडे राखाडी पाणी. तिची सून फोन धरून होती. ती टुरिस्टांच्या बोटींवर काम करायची, त्यामुळे तिचं इंग्रजी आम्हाला कळत होतं.

बहीण पडद्यातून ओरडली, “वॉपिन! यु दे? यु दे?”

आमची म्हातारी मान टाकून बसली होती. नातीने तिची हनुवटी वर धरली. डोळे उघडे होते, पण त्यांत काही उमटलं नाही.

“यु दे?” बहिणीने पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा, हळू आवाजात. मग तिने डोळ्यांना पदर लावावा तसा झग्याचा काठ लावला.

मी सुनेला विचारलं, “व्हॉट इज ‘दे’?”

ती म्हणाली, ‘दे’ म्हणजे असणं. आमच्याकडे पायवाटेवरून जाताना माणूस दुसऱ्याच्या दाराशी हाक देतो, यु दे? आहेस का? आतलं माणूस म्हणतं, मी दे या. आहे इथे. बस, एवढंच. म्हणजे जिवंत आहे, बरी आहे, काळजी करू नको. “माझ्या सासूचा जीव त्यात अडकलाय,” ती म्हणाली. “रोज फोनवर आधी ते विचारायची, मग बाकीचं.”

फोन कधी बंद झाला मला आठवत नाही. मला येरवड्याचं आमचं दार दिसत होतं. गल्लीतून जाणारी प्रत्येक बाई त्या दारात हाक द्यायची, “हायेस का गं?” आणि आई भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणायची, “हाय की.” हाक देणारीला काही नको असायचं, आईला काही नको असायचं. ती बाई पुढे निघून जायची. हे मी वीस वर्षं, दिवसातून तीस वेळा ऐकलं होतं. आमच्या त्या कॉरिडॉरमध्ये ही बाई काय म्हणतेय ते ओळखायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. दारावरून पावलं वाजली की ती हजेरी देत होती. आणि मी तिच्या तोंडात बिस्किट कोंबत होतो.

मी तडक नर्सकडे गेलो. “यार, वो कुछ माँग ही नहीं रही थी,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तो नोट्स में लिख दे.” मी लिहिलं. पण तिथे आधीचं खोडता येत नाही, फक्त खाली भर घालता येते. सहा आठवड्यांचं ‘कॉन्स्टंटली डिमांडिंग’ वर तसंच राहिलं, माझ्या नावासकट, आणि त्याखाली माझी एक लांबलचक दुरुस्ती. ती किती जणांनी वाचली असेल ते मला माहीत आहे.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात आला. गोळी आधी कमी केली, मग बंद केली. म्हातारीचं चालणं तोवर सुटलं होतं, गिळणं कठीण झालं होतं. गोळीमुळेच झालं असं कोणी म्हणणार नाही, आजार होताच, वय होतंच. मीही स्वतःला तेच सांगतो. रोज शिफ्टला आलो की आधी तिच्या दारात उभा राहायचो आणि हाक द्यायचो, “यु दे?” ती बघायची. कधीकधी बघायचीही नाही. खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि त्यापलीकडे सपाट पिवळं गवत, समुद्राचा मागमूस नाही. बेटावरच्या माणसाला शेवटी हे बघायला लागावं याचाही मला राग यायचा, जसा काही वेरिबीच्या माळाचाच दोष होता.

नातीला मी सांगितलं नाही. त्या नोंदी माझ्या आहेत, तिने फोनवर हो म्हटलं ते माझ्या शब्दावर, हे सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातात चॉकलेटचा डबा ठेवला. “नॅनला समजून घेणारा तू एकटाच,” ती म्हणाली. मी डबा घरी नेला आणि लेकीने तो दोन दिवसांत संपवला.

शेवटच्या आठवड्यात तिचं खाणं बंद झालं. नात रजा घेऊन बसायची, आणि ती जरा घरी गेली की मी बसायचो. त्या दुपारी बाहेर उत्तरेचा गरम वारा सुटला होता, खिडकीच्या काचा तापल्या होत्या. माझी शिफ्ट संपली होती तरी मी तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो. तिचा हात हातात घेतला.

थोड्या वेळाने तिचे ओठ हलले. मी वाकलो. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा, तेच तेच. इतक्या महिन्यांनी! मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, “यु दे. यु दे या.” आहेस, आहेस, इथेच आहेस. तिचे ओठ हलत राहिले आणि मी उत्तर देत राहिलो. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. एकदाचं मला बरोबर कळलं होतं. तिची हाक आणि माझा जबाब, असं आमचं चाललं होतं आणि मी स्वतःला हळूहळू माफ करत होतो.

नर्स आत आली. तिने माझ्या खांद्यावरून वाकून म्हातारीकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, “अरे, मुँह देख इनका, कितना सूख गया है. पानी दे ना यार!”

मी पाहिलं. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटली होती, ओठांना भेगा होत्या. मी स्पंजची काडी पाण्यात बुडवून तिच्या ओठांत धरली. तिने ती हिरड्यांत घट्ट पकडली आणि चोखली, कुठून आणला असेल तेवढा जोर लावून. मी पुन्हा बुडवली, पुन्हा तेच. चौथ्यांदाही ती काडी सोडायला तयार नव्हती. त्या खुर्चीत मी पाऊण तास बसलो होतो, आणि पाण्याचा पेला माझ्या कोपराशी होता.